आमच्या टँकमधला पाचू

हातातला चहा आधी संपवा बघू. पुढं ठसका लागला तर मी जबाबदार नाही! लोक आधी माती खातात आणि मग दुसऱ्यांना नावं ठेवतात. मी आधी सगळ्यांना पोटभर नावं ठेवली आणि मग माती खाल्ली. तीसुद्धा चारचौघांत, स्वतःच्या हॉलमध्ये, बायकोच्या हातच्या भज्यांबरोबर!

लोणावळ्यात माझं चष्म्याचं दुकान आहे. आणि घरी खाऱ्या पाण्याचा एक छोटासा फिश टँक आहे. खास मीठ कालवून समुद्राचं पाणी बनवायचं, त्यात दोन मासे सोडायचे आणि दगडांवर कोरल वाढवायचं. जिवंत प्रवाळ हो! आता घाटमाथ्यावर समुद्र कशाला, असं विचारू नका. ज्या गावात पावसाळ्यात स्कूटरच्या सीटवर हिरवळ उगवते, तिथं काचेतला समुद्र स्वच्छ ठेवून दाखवणं यातच तर मर्दुमकी!

कारण या छंदाचा एकच शत्रू. शेवाळ! जरा खाणं जास्त पडलं, दिवा जास्त वेळ राहिला, की काचेवर, दगडावर, पंपावर शेवाळच शेवाळ.

आमच्यासारख्या खुळ्यांचा मावळात एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. त्याचा गुरू मी. कुणी नेमलं? कुणीच नाही. गुरूला कुणी नेमावं लागतं का?

तळेगावच्या बिचाऱ्या फडके मॅडमनी एकदा विचारलं, "बापट, काचेवर फार शेवाळ येतंय हो. काय करू?"

मी लिहिलं, "बोअरचं पाणी ओतलं की दुसरं काय येणार? कमळं? मॅडम, तुम्ही कोथिंबीर लावा. ती तरी खाता येईल."

ग्रुपवर दिवसभर शांतता. मला वाटलं, आदरानं गप्प बसलेत!

दुसरे सोमाटण्याचे शेळके. हायवेला त्यांचं टायरचं दुकान आहे. हा माणूस माशांना मूठमूठ खाणं घालतो. मी म्हटलं, "शेळके, मासे पाळलेत की म्हशी?" तर हसून म्हणतात, "आवो, उपाशी कसं ठिवायचं त्यास्नी? जीव हाय त्यो."

याच शेळक्यांनी एके दिवशी पिशवीत पाणी भरून एक दगड आणून दिला. दगडावर जांभळट, चामड्यासारखा पापुद्रा. म्हणाले, "कोरल हाय, भाऊ. आमच्या मंडळींनी लय जपलंय. तुमच्याकडं नीट राहील म्हून दिलं."

मी नाक मुरडून तो दगड मागच्या कोपऱ्यात ठेवला. दोन दिवसांनी बघतो, तर काय! त्या पापुद्र्यावर हिरवंगार गवत डुलतंय!

बघा! टायरवाल्याचं कोरल! शेवाळ आणून घातलं माझ्या घरात!

मी टूथब्रश घेतला आणि घासलं. ब्रश लागताच सगळं गवत सर्रकन गायब. म्हटलं, बघा, शेवाळसुद्धा घाबरतं या बापटाला! सकाळी पुन्हा हजर. पुन्हा घासलं. पुन्हा गायब. पुन्हा हजर.

माझी बायको सुमेधा कणीक मळता मळता बघत होती. म्हणाली, "अहो, हात लावला की आत जातं, मग बाहेर येतं. शेवाळ असं करतं का कुठं?"

"हट्टी जात आहे ती."

"जरा डोळे तपासून घ्या. दुकान घरचंच आहे."

बायकांना काय कळतं, म्हणून मी तो दगड बाहेर काढला, सुरीनं खरवडला आणि गच्चीत कडक उन्हात टाकला. संपला विषय!

आता तुम्हाला माझ्या टँकमधला दागिना सांगतो. पुढच्या दगडावर एक हिरवा मणी उगवला होता. गोल, टपोरा, काचेसारखा चमकणारा. पाचूच जणू! एकाचे चार झाले, चाराचा घोस झाला. हे दुर्मिळ कोरल आहे, हे मी लगेच ओळखलं. कुणाला विचारलं का? छे! गुरू विचारतो होय? मी त्याचं बारसंसुद्धा केलं. पाचू!

दिवाळीला ग्रुपमधल्या प्रत्येकाला पाचूचा एकेक तुकडा दिला. वर दम दिला, "सांभाळायची लायकी नसेल तर परत द्या, उगाच मारू नका."

महिन्याभरात फोन सुरू झाले. फडके मॅडम म्हणाल्या, "अहो, सगळ्या दगडांवर मणीच मणी झालेत!"

"नशीब लागतं, मॅडम!"

शेळके म्हणाले, "भाऊ, पंपात बी घुसल्यात की वं."

"मग पंप बदला! पाचूला धक्का लावू नका. उलट दोनचार मणी चिमट्यानं फोडा. आतला रस पसरला की आणखी फोफावतील."

आणि हो, लोकांनी फोडले! माझ्या शब्दाला वजन होतं ना तेव्हा!

मग मला हुक्की आली की या अडाण्यांना एकदा घरी बोलावून शेवाळ कसं आवरायचं ते शिकवावं. रविवारी सगळे जमले. शेळके वहिनींना घेऊन आले. फडके मॅडमनी त्यांची भाची आणली होती. तिचं पुण्यात खाऱ्या पाण्यातल्या शोभेच्या माशांचं दुकान आहे.

भजी आली, मी भाषण सुरू केलं. रंगात आलो असतानाच शेळके वहिनी टँकमध्ये डोकावून म्हणाल्या, "भाऊजी, आमचं कोरल दिसंना. कुटं ठिवलंय?"

मला काय, आयतं उदाहरण मिळालं! "कसलं कोरल, वहिनी? तुमच्या दगडावर नुसतं शेवाळ! गवतासारखं डुलायचं. मी घासून घासून थकलो."

भाची एकदम वळली. "काका, हात लावला की आत जायचं का ते?"

"हो! इतकं बेरकी!"

"आणि खालचा पापुद्रा जांभळा?"

"बरोब्बर! तुमच्याकडंही आलंय वाटतं?"

"काका, ते कोरल होतं. ते गवत म्हणजे त्याचे इवले जीव, हात लागला की आत दडतात."

वहिनींचा चेहरा पडला. "मारलं व्हय तुमी? रोज सकाळी चूल पेटवायच्या आदी बघत हुते मी त्याला."

पण गुरू तो, सहजी हरतो काय? मी घाईघाईनं टँककडं बोट केलं. "चूक झाली, वहिनी. पण त्याच्या बदल्यात तुम्हाला पाचू दिलाय ना! असलं कोरल पुण्यातसुद्धा मिळायचं नाही. हो की नाही गं?"

भाची काचेला नाक लावून वाकली. बराच वेळ वाकलेलीच. हसू दाबत होती, हे मला नंतर कळलं.

"काका, हे शेवाळ आहे. फार चिवट असतं. फोडायचं मात्र कधीच नाही हं, फोडलं की सगळीकडं पसरतं."

एकेक मान माझ्याकडं वळली. फडके मॅडम अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "बापट, मी कोथिंबीरच लावायला हवी होती."

पुढं काय सांगू? बादली आणि चिमटा घेऊन घरोघरी गेलो. एकेक मणी न फोडता, अख्खा उचलायचा. मॅडमकडं वाकलो, शेळक्यांकडं तर टँकपुढं मांडीच घातली. वहिनी दोन रविवार बोलल्या नाहीत. तिसऱ्या रविवारी पिठलं-भाकरी पुढं ठेवली आणि म्हणाल्या, "जेवा आता. उरलेलं मग काढा."

त्या शेवाळाचं खरं नाव ग्रुपवर कुणाच्या लक्षात राहत नाही. म्हणून लोकांनी त्याला सोपं नाव दिलंय. परवा मी अंघोळीला गेलो असताना शेळक्यांचा फोन आला. सुमेधानं स्पीकरवर घेतला.

"वहिनी, बापट लय चिकटून बसलाय बघा. किती घासलं तरी सुधरंना. काय करावं?"

सुमेधा म्हणाली, "काय सांगू, भाऊ! लग्न झाल्यापासून मीही तेच करतेय."