मेंदूचा व्यायाम आणि फाटकाचं कुलूप

गिरिजाबाई अणदूरजवळच्या उपकेंद्रात एकतीस वर्षं नर्स होत्या. लसींचा डबा खांद्याला अडकवून त्यांनी आसपासच्या सगळ्या वस्त्या पायी पालथ्या घातल्या. निवृत्त झाल्यावर त्या नळदुर्गला मुलाकडं, रणधीरकडं राहायला आल्या. चौथ्या वर्षी उजवा हात थरथरायला लागला. सोलापूरच्या डॉक्टरांनी पार्किन्सन असल्याचं सांगितलं.

आजाराची त्यांना फारशी भीती वाटली नाही. पुढं काय काय होतं हे त्यांना ठाऊक होतं. कुलूप मात्र ठाऊक नव्हतं. एकदा त्या हायवेच्या कडेला पडल्या आणि तेव्हापासून रणधीर शाळेत शिकवायला आणि सून दीपाली बँकेत जाताना फाटकाला बाहेरून कुलूप लागायला लागलं. अडीअडचणीसाठी एक किल्ली शेजारच्या कमलबाईंकडं असायची.

मग शब्द आठवायला वेळ लागायला लागला. डॉक्टरांनी कॉम्प्युटरवर करायचे मेंदूचे व्यायाम सुचवले. रणधीरनं लॅपटॉप लावून दिला. चित्रं क्षणभर दिसायची, कुठलं कुठं होतं ते सांगायचं. हिरवा बाण आला की बटण दाबायचं, लाल आला की नाही. हात थरथरून बटण दोनदा दाबलं जायचं आणि बरोबर उत्तर चुकीचं ठरायचं. गुण थेट रणधीरच्या मोबाइलवर जायचे. एखाद्या दुपारी त्या बसल्या नाहीत तर शाळेतून फोन यायचा.

त्यांनी एकदा रणधीरजवळ कुलपाचा विषय काढला. तो वह्या तपासता तपासता म्हणाला, "आधी ऐंशीच्या वर गुण येऊ दे, मग बघू."

तो बोलून विसरला. गिरिजाबाईंनी शब्द धरून ठेवला. अडीच महिने त्या रोज दोनदा बसल्या आणि एका मंगळवारी चौऱ्याऐंशी गुण पडले. रणधीर मनापासून खूश झाला, येताना पेढे घेऊन आला. त्यांनी कुलपाचं विचारलं तेव्हा म्हणाला, "आई, डोकं सुधारलंय. पाय कुठं सुधारलेत?"

त्याच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून त्यांना भांडताही आलं नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी लॅपटॉप उघडला नाही. आठ दिवस फोन वाजत राहिला. शेवटी रणधीर त्यांना डॉक्टरांकडं घेऊन गेला.

डॉक्टर विचारत होते आणि नेहमीसारखा रणधीरच उत्तरं देत होता. गिरिजाबाईंनी हात वर केला. "मला बोलू दे. वेळ लागंल."

दोघंही थांबले. गिरिजाबाईंनी विचारलं, या व्यायामानं माझं नेमकं काय सुधारलं? डॉक्टर सरळ माणूस होते. म्हणाले, जो व्यायाम करता तो चांगला जमायला लागतो. रोजच्या जगण्यात त्याचा किती उपयोग होतो, ते खात्रीनं सांगता येत नाही. चालणं मात्र हवंच, कुणाला तरी सोबत घेऊन.

"मग मला कोंडून का ठेवलंय?"

रणधीर खाली बघत होता. "तू पडलीस ते मला तीन तास कळलं नव्हतं, आई," तो म्हणाला. "मी वर्गात शिकवत होतो."

रोज संध्याकाळी पाच ते सहा कमलबाईंबरोबर बाहेर जायचं, असं ठरलं. पहिल्या दिवशी कमलबाईंनी फाटक उघडलं आणि गिरिजाबाईंचे पाय आजारामुळं फाटकातच जमिनीला चिकटले. कमलबाईंनी हात पुढं केला.

"ओढू नका. थांबा जरा."

शाळेतून सुटलेली पोरं त्यांच्याकडं बघत गेली. बऱ्याच वेळानं डावा पाय उचलला. त्या पिठाच्या गिरणीपर्यंत जाऊन आल्या.

चार दिवसांनी कमलबाई लेकीच्या बाळंतपणाला उमरग्याला गेल्या, त्या अजून परतल्या नाहीत. कुलूप आता पाच वाजताही उघडत नाही. गिरिजाबाई अंगणात फाटकापासून न्हाणीपर्यंत फेऱ्या घालतात. लॅपटॉप बंदच आहे. रणधीर आता दुपारी फोन करून विचारतो, आज किती फेऱ्या झाल्या. त्या कधी सांगतात, कधी फोन उचलत नाहीत.