टिंबबाईंची मुद्दामची चूक

नर्सिंग कॉलेजात त्यांचं खरं नाव पगारपत्रकापुरतंच उरलं होतं. मुली, शिपाई, वॉर्डातल्या सिस्टर, सगळ्यांच्या तोंडी एकच नाव: टिंबबाई. औषधाची मात्रा कशी काढायची हे त्या शिकवत, आणि दशांशाच्या टिंबावर त्यांचा फार जीव. "टिंब एक घर सरकलं, की पेशंट घरी जात नाही," असं त्या म्हणत आणि म्हणताना हसत नसत.

शिकवण्याची त्यांची एक खोड होती. फळ्यावर गणित रंगात आलं, की त्या मुद्दाम टिंब चुकीच्या जागी देत आणि चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता पुढे लिहीत राहत. मग थांबत. वर्गात कुजबुज होई, आणि कुठल्यातरी बाकावरून आवाज येई, "बाई, चुकलं!"

"काय चुकलं? मी शिकवतेय की तू? ये, दाखव."

ती मुलगी घाबरत फळ्यापाशी येई, टिंब जागेवर ठेवी आणि राणीच्या थाटात परत जाई. बाईंच्या तासाला कुणाला डुलकी लागत नसे. बाईंना निदान एकदा तरी पकडल्याशिवाय कॉलेजातून बाहेर पडायचं नाही, असा मुलींमध्ये अलिखित नियमच होऊन बसला होता.

बाईंच्या निवृत्तीला वर्ष उरलं, तेव्हा कॉलेजने डिजिटल पाठ करायचं ठरवलं. हॉस्पिटलात नोकरी करता करता शिकणाऱ्या मुलींची एक नवी तुकडी सुरू झाली होती. त्या वर्गात येणार नव्हत्या, मोबाइलवरच शिकणार होत्या. प्राचार्य म्हणाल्या, "बाई, तुम्ही गेलात तरी तुमचं शिकवणं इथे राहील." बाईंना ते मनापासून पटलं.

चादरी ठेवायची जुनी खोली रिकामी करून तिथे स्टुडिओ थाटला. भिंतींवर घोंगड्या ठोकल्या, आवाज नको म्हणून पंखा बंद. चित्रीकरणाला आलेला गृहस्थ पूर्वी लग्नांचं शूटिंग करायचा. बाईंचा अवतार पाहून म्हणाला, "मॅडम, नवरीसुद्धा एवढा घाम पुसत नाही हो."

"नवरीला गणित सोडवावं लागत नाही," बाई म्हणाल्या.

पण कॅमेऱ्याच्या भिंगाकडे बघून त्यांना शब्द सुचेना. भिंग मान हलवत नाही, जांभई देत नाही, शंका विचारत नाही. शेवटी त्यांनी नवऱ्याला आणून कॅमेऱ्यामागे स्टुलावर बसवलं. टपाल खात्यातून निवृत्त झालेला तो शांत माणूस प्रत्येक वाक्याला मान डोलवायचा. त्याच्याकडे बघत बाई शिकवू लागल्या, आणि गाडी रुळावर आली.

लहान मुलांच्या मात्रेचा पाठ चालू होता. गणित रंगात आलं. उत्तर पाव मिलिलिटर यायचं, पण हाताच्या सवयीने बाईंनी टिंब एक घर पुढे दिलं. अडीच. आणि त्या थांबल्या. नवऱ्याने नेहमीप्रमाणे मान डोलावली. बाई थांबूनच राहिल्या. मग हसून म्हणाल्या, "कुणीच पकडलं नाही? अडीच दिलंत तर बाळ वाचायचं नाही," आणि टिंब दुरुस्त केलं.

लांब पाठ कोणी बघत नाही, म्हणून पुढे प्रत्येक पाठाचे छोटे छोटे तुकडे करण्यात आले. तुकडा कुठे पाडायचा, तर बोलणं जिथे थांबतं तिथे. शूटिंगवाल्याला ती शांतता सोयीची वाटली. तुकडे तपासायला बाईंकडे आले. पण पडद्यावर स्वतःचा चेहरा बघायचा, स्वतःचा आवाज ऐकायचा, याचा त्यांना भारी संकोच. दोन वाक्यं ऐकून त्या बंद करत. सगळे पाठ "पाहिले, ठीक आहेत" असं सांगून त्यांनी मोकळे केले.

त्यानंतर काही महिन्यांनी प्राचार्यांनी त्यांना बोलावून घेतलं. नव्या तुकडीतल्या एका मुलीने बाळाच्या इंजेक्शनमध्ये दहापट औषध भरलं होतं. सिस्टरचं लक्ष गेलं म्हणून बरं. तिने सिरिंज हातातून काढून घेतली. बाळ सुखरूप होतं. मुलीला काढून टाकायचं घाटत होतं, चौकशीला समितीही नेमली होती.

"आणि वर म्हणते कशी, टिंबबाईंच्या पाठात असंच आहे!" प्राचार्य संतापून म्हणाल्या. "चोराच्या उलट्या बोंबा. टिंबाच्या चुकीचा आळ, आणि तोही तुमच्यावर?"

बाई घरी आल्या, पर्सही न ठेवता पाठ लावला. नवरा शेजारी येऊन बसला. पडद्यावरच्या बाईंनी टिंब दिलं, अडीच लिहिलं, समोर पाहिलं. तिथेच तुकडा संपला. पडद्यावर अडीच तसंच राहिलं.

नवरा म्हणाला, "पुढचा लाव की. पुढे तू दुरुस्त केलंयस."

"तिने नाही लावला."

"मग चूक तिचीच ना? अर्धवट बघून कोणी औषध देतं का?"

"अहो, वर्गात मी कधी कुणाला अर्ध्यावर सोडलंय?"

नवऱ्याने मान डोलावली नाही. खाली घातली. "तेव्हा मीच बोलायला हवं होतं गं. समोर मी होतो."

"तुम्हाला काय कळणार त्यातलं. मला कळत होतं, आणि मी पाहिलं नाही."

सकाळी बाई प्राचार्यांसमोर उभ्या राहिल्या. "मुलगी खरं बोलतेय."

पाठ पाहून प्राचार्यांचा चेहरा उतरला. हे पाठ इतर कॉलेजांना नमुना म्हणून दाखवायचं नुकतंच ठरलं होतं. त्या हळूच म्हणाल्या, "हा तुकडा आत्ताच काढून टाकू. कुणाला कळायचं नाही. निवृत्तीच्या तोंडावर तुमच्या नावाला डाग कशाला?"

"काढलात तर ती खोटी ठरेल."

"बाई, सगळं आयुष्य घातलंत हो तुम्ही यात."

"म्हणूनच. समितीने बघेपर्यंत त्याला हात लावू नका."

समितीने पाठ पाहिला तेव्हा बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. मुलगी खुर्चीच्या कडेवर बसली होती. बाईंनी तिला आधी कधी पाहिलं नव्हतं. मुलीने मात्र बाईंना रोज पाहिलं होतं, बसमध्ये, ड्यूटीवर जाता येता. एका सदस्याने तिला विचारलं, "आकडा विचित्र वाटला नाही? सिस्टरना विचारावंसं नाही वाटलं?"

"वाटलं होतं," ती म्हणाली. "पण बाई चुकतील असं नाही वाटलं."

इतक्या वर्षांत बाईंना असं कुणी म्हटलं नव्हतं. ऐकून त्यांनी डोळे मिटून घेतले.

न विचारता औषध भरलं, हा मुलीचाही दोष होताच. तिला वॉर्डातलं शिक्षण पहिल्यापासून घ्यायला सांगितलं, पण कॉलेजात ठेवलं. बाईंचे पाठ सगळेच्या सगळे काढून टाकले. नमुना म्हणून दुसऱ्या कुणाचे तरी गेले.

निवृत्तीआधी बाईंनी एकच मागणं मागितलं: तो एक पाठ पुन्हा करू द्या, आणि त्याचा तुकडा पाडू नका.

घोंगड्यांच्या खोलीत या खेपेला स्टुलावर ती मुलगी होती. ती यायला तयार नव्हती. बाई स्वतः तिच्या वॉर्डात जाऊन घेऊन आल्या होत्या. पाठ सुरू झाला. बाईंनी टिंब दिलं. अडीच. आणि त्या थांबल्या.

मुलगी आकड्याकडे बघत राहिली. ओठ हलले, आवाज फुटेना. शूटिंगवाल्याने बाईंकडे पाहून बंद करू का अशी खूण केली. बाईंनी नाही म्हणून मान हलवली आणि थांबून राहिल्या. खोलीत नुसता उकाडा होता.

"बाई," मुलगी शेवटी पुटपुटली, "चुकलं."

"काय चुकलं? ये, दाखव."

बाईंनी खडू पुढे केला. मुलगी उठली. चित्रात तिचा फक्त हात आला. त्याने अडीच पुसलं आणि टिंब जागेवर ठेवलं.

दिवे बंद झाल्यावर शूटिंगवाला म्हणाला, "मॅडम, मधली शांतता फार लांबली. थोडी कापू?"

"नको," बाई म्हणाल्या. "लावा बघू पहिल्यापासून."

त्यांनी स्टूल पुढे ओढलं, चष्मा पुसून घातला, आणि स्वतःच्या चेहऱ्यावरची नजर न काढता पाठ शेवटपर्यंत पाहिला.