रेफुहियो मावशीची करवत

शेजारच्या रेफुहियो मावशीने करवत पहिल्यांदा हातात धरली ती चाळिशी उलटल्यावर. तोवर ती करवत तिच्या नवऱ्याची, क्रेसेन्सियोची. मेक्सिकोतल्या आमच्या तास्को गावात चांदीच्या पत्र्यावर नक्षी कापावी तर त्यानेच. एका पावसाळ्यात उताराच्या दगडी पायऱ्यांवरून तो घसरला आणि उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण बोटांना पकड राहिली नाही.

दोन महिने तो भिंतीकडे तोंड करून बसला. शेवटी मावशीच कामाच्या बाकाशी जाऊन बसली.

"उठ. मला शिकव."

"तुला? तुझ्या हातनं टोमॅटो सरळ चिरला जात नाही."

"म्हणून तर शिकव म्हणतेय."

पहिल्या दिवशी तिने अकरा पाती मोडली. केसासारखी बारीक पाती ती, जरा तिरकी झाली की तुटलीच. क्रेसेन्सियो डोळे मिटून नुसता आवाज ऐकायचा.

"कुरकुरतंय बघ. ढकलू नकोस, तिच्या चालीनं जाऊ दे. पात्याला मेण लाव."

"मेण तुझ्या जिभेला लावते!"

मग दोघंही हसायची. ते हसू आमच्या खिडकीतून ऐकू आलं की माझी आई देवाचे आभार मानत छातीवर क्रूस काढायची.

वर्षभराने मावशीने कबुतरांच्या आकाराची कर्णफुलं कापली, पंखातलं पीस न् पीस मोकळं. क्रेसेन्सियोने डाव्या हाताने कानस फिरवून कडा गुळगुळीत केल्या. क्रेसेन्सियोला पूर्वी काम देणारे चांदीच्या कारखान्याचे मालक इलारियो भिंग लावून बघत राहिले.

"हात बरा झाला की तुझा! बोलला नाहीस?"

"माझा नाही. हिचा हात आहे तो."

"थट्टा पुरे."

मावशी बाकाशी बसली. पत्र्याला भोक पाडलं, पातं ओवलं आणि त्यांच्यासमोर एक पंख कापून दाखवला.

"पुढच्या सोमवारपासून काम पाठवतो," मालक म्हणाले. "तुमच्या नावानं, रेफुहियोबाई."

क्रेसेन्सियो उठून अंगणात गेला. त्याचे डोळे भरले होते, ते मी कुंपणावरून पाहिलं.

तो जाऊन आता सहा वर्षं झाली. मावशीला फार दिसत नाही. गल्लीतल्या आम्ही पाचजणी तिच्या हाताखाली शिकलो आणि त्यावरच आमची घरं चालतात. दर गुरुवारी मी तिच्यासाठी मक्याचं पोसोले सूप घेऊन जाते. ती माझी बोटं चाचपते.

"जखमा कमी झाल्यात गं. देवाची कृपा."

"तुझीही, मावशी."

"माझी कसली! वाढ लवकर, गार होतंय."