नदीतली बोय

नव्वदनंतरच्या त्या वर्षांत मी बहरीनला, मीना सलमान बंदरातल्या एका वर्कशॉपमध्ये फिटर होतो, आणि घरून येणाऱ्या पार्सलचा मला वैतागच यायचा. रजेवरून परतणाऱ्या गाववाल्याच्या हाती अब्बा दरवर्षी सुकी मासळी धाडायचे, तीही बाजारातून विकत घेतलेली. गावची नदी वरच्या अंगाच्या कारखान्याच्या घाण पाण्याने मेली होती. चुकूनमाकून जाळ्यात आलेल्या बोय माशालाही रॉकेलचा वास यायचा. शेवटी अब्बांनी मासेमारीच सोडली. त्याच साली मी इकडे आलो.

त्या वर्षीचं पुडकंही मी न उघडताच खोलीतल्या केरळी सोबत्याला देऊन टाकलं आणि ओव्हरटाइमला गेलो. परत आलो तर भांडीसुद्धा घासून झाली होती.

"मछली खलास, भाई! एकदम फर्स्ट क्लास," तो म्हणाला. मी म्हटलं, बरं झालं.

आठ दिवसांनी टपालाने अब्बांचं पत्र आलं. "कारखान्याचं पाणी बंद होऊन दोन पावसाळे झाले. नदीत बोय परत आलीय, चांगली थव्याने. पहिली धरली ती खारवून तुला धाडलीय. मी अजून तोंडात घातलेली नाही, धीर होत नाही. जुनी चव तुझ्या आईला आणि तुला कळायची. ती तर गेली. आधी तू खा आणि कळव."

पत्र वाचून मी त्या बिचाऱ्या सोबत्यावरच खेकसलो. त्याने काय केलं होतं? खोलीत आम्ही सहा जण, पण ही गोष्ट सांगावी असं त्यात कोणी नव्हतं. फार एकटं वाटलं. शुक्रवारी सुट्टीला बसून लिहिलं, "अब्बा, तीच चव. अगदी आईच्या हातची." खोटं लिहिताना माणूस जरा जास्तच लिहितो.

महिन्याभराने उत्तर आलं. "तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी बोय भाजून जेवलो. मला रॉकेलच लागलं. पण तू म्हणतोस म्हणजे चव असणारच, माझीच जीभ गेली. वय झालं. तुला लागली ना, मग झालं. पुढच्या रजेला येशील तेव्हा माझ्यासमोर बसून खा. मी नुसता बघेन."

त्या वर्षी मला दोन महिन्यांची रजा मिळत होती. मी घेतली नाही.