समुद्रात सोडलेला पुतळा

समुद्रात पडलेला माणूस किंवा बंद पडलेली होडी वाहत कुठे जाईल, याचा अंदाज बांधणं हे माझं काम. ऑफिस पनवेलच्या बाजारात, फरसाणाच्या दुकानावर. त्यामुळे समुद्रापेक्षा तळणीचा वासच आमच्या अंगाला जास्त. वारा आणि भरती-ओहोटीची माहिती कॉम्प्युटरला दिली की तो नकाशावर एक पट्टा रंगवतो: शोधायचं ते इथे. विचुंब्याच्या आमच्या सोसायटीत मात्र मी 'हवामान खात्यात' आहे आणि पाऊस चुकला की जिन्यात मला पकडतात.

अंदाज खरा ठरतो का हे बघायला माणूस पाण्यात टाकता येत नाही. सरांकडे बघून कितीही वाटलं तरी. म्हणून आम्ही कपड्यांच्या दुकानातला एक जुना पुतळा आणला. माणसासारखा अर्धा बुडून तरंगावा म्हणून पोटात वाळू आणि थर्माकोल भरला. त्याला माझ्या नवऱ्याचा चौकटीचा शर्ट घातला, वर लाइफ जॅकेट आणि त्यात जीपीएस. पोलिसांना कळवलं, मोरा बंदरावर सगळ्यांना सांगितलं आणि त्याला ओहोटीत सोडून ऑफिसात येऊन बसलो.

बराच वेळ ठिपका आमच्या पट्ट्यातून शहाण्यासारखा चालला होता. मग एकदम वळला आणि वाऱ्याला न जुमानता सुसाट सुटला.

"नवा प्रवाह सापडला!" सर खुर्चीतून उठलेच.

"सर, प्रवाह करंजाच्या बंदरात शिरला."

"तिथेही असू शकतो."

"सर, आता तो गावात चाललाय."

सर बसले.

आम्ही गाडी काढून करंजाला पोचलो. पुतळा एका ओट्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत आरामात बसला होता, भोवती ही गर्दी. मासेमारीहून परतताना एका नवरा-बायकोला तो दिसला होता आणि माणूस समजून त्यांनी त्याला होडीत ओढून घेतला होता. ती बाई कमरेवर हात ठेवून आमचीच वाट बघत होती.

"तुमचा हाय हा मानूस?"

"हो मावशी, पण तो माणूस नाही..."

"ते आमाला समजलं! छाती दाबून दाबून माजे हात दुखले. तोंडात फुंकर मारायला गेले तर ह्याला तोंडच उघडत नाय!"

सर 'शास्त्रीय चाचणी' समजावू लागले. तेवढ्यात आतून, जेवता जेवता, तिचा नवरा ओरडला, "तिला बोलू द्या. मी एकदा वाहून गेलेलो, कुनीतरी उचलला. तेव्हापासून ही पान्यात नारळ दिसला तरी होडी वळवते."

"आनी नारळ समजून सोडला नि मानूस निघाला तर?" ती म्हणाली.

सरांनी शास्त्रीय चाचणी तिथेच सोडली आणि तिने पुढे केलेला चहाचा कप घेतला.

चहा झाल्यावर, ठिपका वळला ती जागा हीच ना याची खात्री करायला मी भीतभीत विचारलं, पुतळा नेमका कुठे उचलला? तिच्या नवऱ्याने हात धुऊन नकाशावर बोट ठेवलं. आमच्या पट्ट्यात, अगदी मधोमध. नाचावंसं वाटत होतं, पण तिच्यासमोर हिंमत झाली नाही.

पुढच्या खेपेला आम्ही पुतळ्याच्या छातीवर आणि पाठीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: पुतळा आहे, उचलू नये. शिवाय बोट घेऊन स्वतःच लांबून मागोमाग राहिलो. तरी एक होडी वळलीच. जवळ आली, वाचलं, लांब थांबलेल्या आमच्या बोटीकडे बघून मनसोक्त शिव्या घातल्या आणि निघून गेली.