माहेर विचारणारा टायरवाला

आमच्या कोपऱ्यावरचा टायरवाला प्रत्येक टायरला कलिंगडासारखी थाप मारून कान लावायचा, मगच गिऱ्हाइकाशी बोलायचा.

घरात पहिली मोटार आली, जुनी, पण आम्हाला नवीकोरीच. टायर घ्यायला सगळेच गेलो. आम्हा भावंडांच्या उड्या थांबेनात. अप्पांनी पांढऱ्या पट्ट्याचे झकपक टायर निवडले. टायरवाल्याने तिकडे बघितलंसुद्धा नाही. मागच्या सीटवर बसलेल्या आईला विचारलं, "वैनी, माहेर कुटं?"

"मंगळवेढ्याच्या पुढं."

"मग हुरड्याला काळ्या रानातनं जाणार की! काटं लई तितं." त्याने खोल नक्षीचे टायर ओढले.

"हुरड्याला कोण जातंय?" अप्पा वैतागले.

"वैनी जाणार हायत की!"

लग्नानंतर आई हुरड्याला गेलीच नव्हती. ती हसत उतरली आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली.