अकरा मिनिटं आधी आलेली रेघ

असे गूढ अनुभव मी बरीच वर्षं वाचत आले आहे, आणि खरं सांगायचं तर निम्मे वाचताना हसले आहे. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची. ज्याला मीटर लावता येत नाही ते नाहीच, असं वर्गात ठणकावून सांगायची... आजही जवळपास तेच म्हणते. माझ्या अनुभवात भूत नाही, सावली नाही, घाबरण्यासारखं काहीच नाही. मी लिहायला बसले ते भीतीने नाही, लाजेने. नावं तेवढी बदलली आहेत.

१९८८ चा उन्हाळा. नागपुरात जरीपटक्याच्या बाजाराला लागून एका इमारतीत आमची खाजगी टेक्निकल संस्था होती. खाली कापडाची गोदामं, वर आमचे तीन वर्ग आणि एक लॅब, त्यावर गच्ची. मी शहरातल्या महाल भागातून मोपेडवर यायची. वय सत्तावीस, शिकवणाऱ्यांमध्ये बाई मी एकटी. रेडिओ-टीव्ही दुरुस्ती शिकवायला बाई ठेवली म्हणून प्राचार्य सरांना बोलणारे बरेच होते, आणि सरही मला ते अधूनमधून ऐकवायचे.

त्या वर्षी सरांच्या परदेशातल्या मेहुण्यांनी संस्थेला एक ऑसिलोस्कोप भेट दिला. विजेचा चढउतार पडद्यावर रेघ काढून दाखवणारं यंत्र. आमच्याकडचा जुना दोघांनी मिळून उचलावा लागे. हा मात्र डिजिटल, विटेएवढा, हातात धरून वापरायचा, बॅटरीवर चालणारा. राखाडी काचेवर काळी रेघ उमटायची. सरांनी कपाटाची किल्ली माझ्याकडे दिली आणि बजावलं, "मॅडम, मागचं सील तुटलं की गॅरंटी गेली. जबाबदारी तुमची."

सोबतच्या पुस्तिकेत दोन मॉडेलं होती. आमचा एका चॅनलचा, म्हणजे एका वेळी एकच रेघ दाखवणारा. वरचं मॉडेल दोन रेघांचं. पण आतल्या बोर्डाचा नकाशा दोन्हींचा एकच! म्हणजे दुसरा चॅनल आमच्याही यंत्रात होता, फक्त कंपनीने तो बंद करून पाठवला होता. हे कळल्यावर आठवडाभर माझ्या डोक्यात दुसरं काही शिरेना.

एका शनिवारी वर्ग सुटल्यावर मी ब्लेडने सील अलगद सोडवलं. अंदाज बरोबर निघाला. बोर्डावर दोन ठिपक्यांमधला एक जोड मुद्दाम रिकामा ठेवला होता. केसाएवढी तांब्याची तार, सोल्डरचा एक थेंब — झालं. बाजूला प्लास्टिकने बुजवलेलं भोक होतं, त्यात सॉकेट बसवलं. सुरू केला, तर काचेवर एकाखाली एक दोन रेघा! मी अक्षरशः टाळी वाजवली.

"काय झालं जी मॅडम?"

दारात सुखदेवभाऊ उभे होते. संस्थेचे वायरमन, चाळिशीचे, जवळच्या इंदोरा वस्तीत राहायचे. स्टाफमध्ये माझ्याशी नीट बोलणारा बहुधा हा एकच माणूस. त्यांनी उघडं यंत्र बघितलं, सुटलेलं सील बघितलं.

"सील तोडलं काय?"

ते जवळ आले, दोन रेघा बघितल्या आणि हसले. "बाप्पा! हे तं सरच्या मेहुण्यालेबी नसतं जमलं. काही घाबरू नका. मले काही दिसलं नाही."

सील मी गोंदाने चिकटवलं. नवं सॉकेट यंत्राच्या चामड्याच्या पिशवीखाली झाकलं जायचं. सुखदेवभाऊंनी ते कोणालाही सांगितलं नाही. शेवटपर्यंत नाही.

आता खरी गोष्ट. दुसऱ्या चॅनलला काहीही जोडलेलं नसताना त्यावर एक बारीक लाट दिसायची. यात नवल नाही — आसपासच्या वायरिंगमधली वीज हवेतून पकडली जाते, कुठल्याही यंत्रात हे होतं. पण एका दुपारी मुलांना शिकवताना ती लाट एकदम सपाट झाली. वर पंखा चालू, दिवे चालू, पहिल्या चॅनलवरची रेघ व्यवस्थित. मला वाटलं माझं सोल्डरिंग निघालं. थोड्या वेळाने लाईट गेली. आणि ती यायच्या कितीतरी आधी, सगळी इमारत अंधारात असताना, दुसऱ्या रेघेवर लाट परत आली!

पुढच्या वेळी मी घड्याळ लावलं. लाट सपाट झाली आणि अकरा मिनिटांनी लाईट गेली. लाट आली, अकरा मिनिटांनी लाईट आली. उन्हाळ्यात लाईट जायला काय तोटा? मी एका वहीत सात वेळा नोंद केली. सातही वेळा अकरा. जोड तपासला, बॅटरी बदलली, यंत्र खालच्या गोदामात नेऊन बघितलं. तेच. कोणाला विचारणार? विचारायचं तर सील तोडल्याचं सांगावं लागणार होतं. शेवटी शेवटी तर मला त्याची गंमत वाटायला लागली होती. लाट सपाट झाली की मी सोल्डरिंगचं काम आटपतं घ्यायची, मुलांना वाटायचं मॅडमना बरोबर कळतं!

मे महिन्यात मान्यतेसाठी तीन जणांची कमिटी तपासणीला आली. नेमकं त्याच दिवशी खांबावरच्या कामासाठी बारा वाजल्यापासून आमच्या भागातली लाईट बंद होती. सुखदेवभाऊ सकाळीच मला म्हणाले होते, "तीनपर्यंत येत नाही, मी स्वतः विचारून आलो. गच्चीवरचा तारेचा जोड कधीचा जळून राहिला, आज करूनच टाकतो. मेन स्विचनं तो बंद होत नाही ना जी, आज मोका आहे."

कमिटी लॅबमध्ये आली तेव्हा दीड वाजला होता. खिडक्या उघड्या, सगळे रुमालाने वारा घेत होते. सर म्हणाले, "मॅडम, आपला डिजिटल ऑसिलोस्कोप दाखवा. बॅटरीवर चालतो साहेब, लाईटची गरजच नाही." मी पिशवीसकट टेबलावर ठेवला आणि एका छोट्या सर्किटची लाट दाखवायला लागले. दुसरी रेघ बंद ठेवायचं विसरले होते. ती सपाट होती, खालच्या कडेला, म्हणून कोणाच्या लक्षात आली नाही.

एक वाजून अडतीस मिनिटांनी तिच्यावर लाट आली.

ती वेळ मी घड्याळात बघितली... म्हणजे मला कळलं होतं. न कळल्याचं सोंग मला आज तरी करता येणार नाही.

कमिटीतल्या चष्मेवाल्या साहेबांनी बोट ठेवलं. "ही खालची कसली? हा तर सिंगल चॅनल आहे ना?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "काही नाही सर, नॉईज आहे, उगाच उमटते." आणि बटण दाबून ती रेघ बंद केली.

एवढंच केलं मी. गच्ची वीस पायऱ्यांवर होती. "एक मिनिट सर" म्हणून बाहेर पडले असते आणि जिन्यातून नुसती हाक मारली असती तरी पुरलं असतं. कारण काहीही सांगता आलं असतं. अकरा मिनिटं काही थोडी नसतात... मी त्या वेळात अभ्यासक्रम समजावला, हजेरीपट दाखवला, एका प्रश्नाला इतकं छान उत्तर दिलं की साहेब सरांना म्हणाले, "बाई हुशार आहे हो तुमची." मनात मी स्वतःला सांगत होते — योगायोग असेल, यंत्र बिघडलंय, तीन वाजेपर्यंत लाईट येत नाही म्हणून ते स्वतः विचारून आलेत. हे बोलणं संपलं की जाते. हा प्रश्न झाला की जाते.

मग डोक्यावरचा पंखा फिरायला लागला. "चला, आली एकदाची!" म्हणून सगळे खूश झाले, आणि त्याच क्षणी वर धप्पकन आवाज झाला.

सुखदेवभाऊ वाचले. उजव्या हाताची तीन बोटं काढावी लागली. चौकशीत ठरलं की त्यांनी लेखी परवानगी न घेता, हातमोजे न घालता काम केलं, चूक त्यांचीच. मला कोणी काही विचारलं नाही, आणि मीही काही बोलले नाही. संस्थेला मान्यता मिळाली. पुढे त्यांना हजेरीचं आणि दाराचं काम दिलं, डाव्या हाताने सही करायला ते तिथेच बसून शिकले.

महिन्याभराने मी त्यांच्या घरी गेले. सगळं सांगून टाकायचं ठरवूनच गेले होते. त्यांच्या बायकोने, शांताबाईंनी, खुर्ची दिली. दोन्ही मुलं भिंतीशी उभी. मी तोंड उघडणार तर सुखदेवभाऊच बायकोला म्हणाले, "ह्याच त्या मॅडम. ह्याईच्यानं वाचलो मी."

मला काही कळेना.

"तुम्ही हाक नाही मारली काय जी? 'सुखदेवभाऊ, खाली या, लवकर या!' जिन्यातून. तुमचाच आवाज. माहे दोन्ही हात तारेवर होते. हाक आली म्हणून डावा हात काढून मागं वळलो, तं तेवढ्यात करंट आला. दोन्ही हात असते तं छातीतून गेला असता. डॉक्टरबी म्हणे, एका हातानं वाचले तुम्ही."

त्या दुपारी मी लॅबच्या बाहेर पाऊल टाकलं नव्हतं. माझ्यासमोर चार माणसं होती, त्यांच्यादेखत मी हजेरीपट वाचत होते. हाक मारावी असं मनात शंभरदा आलं, पण ओठ उघडले नाहीत. शांताबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या उठल्या आणि माझ्या हातावर हात ठेवला. "तुमचे उपकार कसे फेडू वं बाई..."

मी मान हलवली. होय म्हणाले असं नाही, पण नाहीही म्हणाले नाही. चहा प्याले आणि आले.

सोमवारी यंत्रातल्या त्या जोडाची तार काढून टाकली. पुढच्या वर्षी हिंमत करून पुन्हा लावली, तर दुसऱ्या रेघेवर साधी लाट — लाईट गेली की जायची, आली की यायची. सगळ्या यंत्रांत असते तशी. ती सात नोंदींची वही मात्र अजून आहे, अक्षर माझंच आहे.

सुखदेवभाऊ पुढे पंचवीस वर्षं तरी जगले आणि प्रत्येकाला ती हाक सांगत राहिले. त्यांच्या मुलीच्या लग्नात मला पहिल्या रांगेत बसवलं. मुलगा इंजिनियर झाला तेव्हा पेढे आधी माझ्याकडे आले. दरवेळी वाटायचं, आज सांगते. दरवेळी पेढा तोंडात टाकला.

ते गेल्यावर मी शांताबाईंकडे जाऊन सगळं सांगितलं. सील, रेघ, अकरा मिनिटं, बटण. त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही. मान वर न करता म्हणाल्या, "त्याईले माहीत होतं काय हे?"

"नाही."

"बरं झालं." मग सूप खाली ठेवून माझ्याकडे बघितलं. "मंग हाक कोणं मारली वं?"

मला माहीत नाही, म्हणाले.

"पोराईले नका सांगू," त्या म्हणाल्या. "बाप त्याईले तुमचं नाव देऊन गेला, वाचवणारी म्हणून. आता तुम्ही चांगल्याच राहा."

ती लाट आधी कशी यायची, याचं उत्तर मला सापडलं नाही. माझ्या आवाजात कोण बोललं, याचंही नाही. सर्किटचे बरेच कागद मी काळे केले, काही निघालं नाही. पण मी गप्प का बसले याला उत्तर आहे, आणि ते शोधायला मला कुठलंही यंत्र लागलं नाही. सुखदेवभाऊंच्या मुलांचे अजून फोन येतात, दर दसऱ्याला. "मॅडम, तब्येत कशी आहे?" मी बरी आहे म्हणते.